पडद्यावर कोण बोलतंय ते आधी ओळख

डिस्क बदलली, इमेज उतरवली, प्रोग्रामने शंभर टक्के झाल्याचं सांगितलं, आणि मशीन चालू केलं तर उठेना. या धंद्यात नवीन आलेल्या पोरांचे हात इथे फार शिवशिवतात. लगेच पेनड्राइव्ह लावायचा, ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवायचं, ते हात वर करून मोकळं झालं की बूटरेकच्या सगळ्या आज्ञा पाढे म्हटल्यासारख्या एकामागून एक ठोकायच्या, आणि तरीही जमलं नाही की तीच इमेज त्याच डिस्कवर पुन्हा उतरवायला लावून चहाला जायचं. परत आल्यावर पडदा तोच, मजकूर तोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझ्या टेबलावर जो पोरगा शिकायला बसतो त्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो. कीबोर्डला हात लावू नकोस, पडद्यावर कोण बोलतंय ते ओळख.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चौघे जण कामाला लागतात. पहिलं बोर्डावरचं फर्मवेअर, ज्याला आपण सगळे अजून बायोसच म्हणतो. ते बूट मॅनेजरला शोधून उठवतं. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा मेमरीत आणतो. गाभा डिस्कचा ड्रायव्हर चालू करून सी ड्राइव्ह उघडतो. आणि शेवटी तुझं नेहमीचं विंडोज, लॉगिनचा पडदा वगैरे. प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो पत्ता जुन्या डिस्कचा असतो. इमेजमधून सगळ्या फाइली नव्या डिस्कवर नीट आलेल्या असतात, गिऱ्हाइकाचा टॅलीचा डेटाही आणि मुलीच्या लग्नाचे फोटोही. चुकलेला असतो तो यातला एखादा पत्ता, फार तर दोन. म्हणून इमेज पुन्हा उतरवून काहीही बदलत नाही. इमेजमध्येच तो पत्ता जुना आहे, दहा वेळा उतरवलीस तरी जुनाच राहणार.

आता आवाज ओळखायचे कसे? काळ्या पडद्यावर साध्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं, किंवा मशीन आपोआप बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन बसलं, किंवा नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करू लागलं, तर बोलतंय फर्मवेअर. विंडोजला त्याने अजून हातही लावलेला नाही. ‘रिकव्हरी’ असं ठळक शीर्षक, खाली ‘तुमचं मशीन दुरुस्त करायला हवं’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि शून्य-एक्स-सी ने सुरू होणारा आकडा दिसला, तर बूट मॅनेजर बोलतोय. ठिपके गोल फिरायला लागले आणि मग निळा पडदा आला, तर पहिले दोघे सुटले, अडकलाय तो गाभा. (हल्लीच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा केलाय आणि तो रडका चेहराही काढून टाकलाय. तेव्हा रंगावर जाऊ नकोस, ‘स्टॉप कोड’ हे शब्द शोध.) आणि लॉगिन होऊन पुढे काही विचित्र घडत असेल, तर ते चौथ्याचं दुखणं.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सांगतो.

फर्मवेअर बोलत असेल तर सगळ्यात आधी डिस्क बायोसमध्ये दिसते का बघ. हसू नकोस. एम-टूच्या खाचेत बसणारी प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, काही साटाच असतात, आणि दिसायला दोन्ही सारख्या. काही बोर्डांची खाच एकच प्रकार घेते. शिवाय २०१४ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांच्या फर्मवेअरला एनव्हीएमईवरून बूट करताच येत नाही. पीसीआयचं अडॅप्टर कार्ड लावून विंडोजमधून ती डिस्क छान दिसते, त्यावर इमेजही उतरते, पण उठायच्या वेळी फर्मवेअरला ती ओळखीचीच नसते. बूट मॅनेजर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवून हे साधणारे उद्योगी लोक आहेत, पण असं मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचं नाही. कोणीतरी तो पेनड्राइव्ह गाणी भरायला काढतोच. जुन्या बोर्डाला साटाची एसएसडी लाव आणि मोकळा हो.

डिस्क दिसतेय आणि तरी बूट नाही, तर पद्धत जुळत नाहीये. जुनं मशीन एमबीआर पद्धतीचं होतं का जीपीटी, हे पेनड्राइव्हवरून डिस्कपार्ट उघडून ‘लिस्ट डिस्क’ टाकलंस की कळतं. जीपीटीच्या रकान्याखाली चांदणी असली तर जीपीटी, नसली तर एमबीआर. नव्या लॅपटॉपांत जुन्या पद्धतीने बूट करायचा सीएसएम हा पर्यायच उरलेला नाही, त्यामुळे एमबीआरची इमेज त्यावर उतरवली तर ते मशीन तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं हत्यार दिलंय. डेटाला धक्का न लावता ते डिस्क बदलून देतं. आधी ‘व्हॅलिडेट’ चालव, ते ठीक म्हणालं तरच ‘कन्व्हर्ट’.

पण आपल्याकडच्या असेंबल मशीनवर इथेच घोडं पेंड खातं. त्या काळी प्रत्येक दुकानदार सी, डी, ई असे तीन-चार ड्राइव्ह पाडून द्यायचा आणि सी सोडून बाकीचे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असायचे. हे हत्यार एक्स्टेंडेड पार्टिशन दिसलं की नकार देतं, आणि मूळ पार्टिशनंही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. अशा वेळी डी आणि ईमधला माल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेव, ती पार्टिशनं उडव, एक्स्टेंडेडचा रिकामा डबाही उडव, मग व्हॅलिडेट कर. इमेजमधून फक्त सी आणि त्याच्या आधीचं ते छोटं सिस्टिम पार्टिशन तेवढं उतरवलंस तरी चालतं.

पद्धत जुळतेय, डिस्क दिसतेय, तरी फर्मवेअर हटून बसलंय, असं झालं तर बोर्डाच्या स्वतःच्या स्मरणातली नोंद बघ. यूईएफआय बोर्ड ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी एक नोंद जपून ठेवतो आणि त्या नोंदीत पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. नव्या डिस्कवर तो क्रमांक बदलला की नोंद फुकट गेली. मग फर्मवेअर शेवटचा उपाय म्हणून ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल शोधतं. ती तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरातली ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ तिथे कॉपी करून हे नाव दे. नोंद नसली तरी मशीन उठतं.

आता दुसरा गडी, बूट मॅनेजर. याचं दुखणं सगळ्यात जास्त वेळा समोर येतं आणि सगळ्यात सोपं असतं. त्याची वही म्हणजे बीसीडी. त्या वहीत विंडोज कुठे आहे ते ‘सी ड्राइव्ह’ असं लिहिलेलं नसतं. एमबीआरवर डिस्कची सही आणि पार्टिशन कुठून सुरू होतं ती जागा, जीपीटीवर डिस्क आणि पार्टिशन दोघांचे ओळख क्रमांक, अशी ती नोंद असते. डिस्क बदलली की नोंद हवेत. मग सी नंतर सहा शून्यं आणि शेवटी ई असा आकडा येतो, म्हणजे सांगितलेलं उपकरण सापडत नाही. शेवटी एफ आला तर वहीच सापडत नाहीये किंवा तिची पानं फाटली आहेत.

उपाय फोनवर सांगतो तसाच सांगतो, समोर मशीन असेल तर करत जा. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठव. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची दोन नावं दिसली तर ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलंय ते घे. भाषा विचारणारा पडदा आला की शिफ्ट आणि एफ-टेन दाब, काळी खिडकी उघडेल. डिस्कपार्ट, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. इथे नीट बघ, घाई करू नकोस. या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं विंडोजमधल्यासारखी नसतात. तुझा सी इथे डी झालेला असतो, कधी ई. पेनड्राइव्हच सी होऊन बसलेला असतो. प्रत्येक अक्षर टाकून ‘डीआयआर’ मार आणि विंडोज, यूझर्स, प्रोग्राम फाइल्स हे तिन्ही फोल्डर जिथे दिसतील ते आपलं घर. समज, ते डी निघालं. मग शंभर ते तीनशे एमबीचं, फॅट-३२ चं एक पार्टिशन शोध, त्याला बहुधा अक्षरच नसतं. ते ‘सिलेक्ट’ करून ‘असाइन लेटर’ बरोबर एस. बाहेर ये. आता बीसीडीबूट, एक जागा सोडून डी कोलन बॅकस्लॅश विंडोज, मग स्लॅश एस, मग एस कोलन, मग स्लॅश एफ, मग यूईएफआय. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं उत्तर आलं की पेनड्राइव्ह काढ आणि मशीन चालू कर. या एका आज्ञेने बूट मॅनेजरच्या फाइली नव्याने बसतात आणि वही नव्याने लिहिली जाते. एमबीआरचं मशीन असेल तर स्लॅश एफच्या पुढे बायोस लिहायचं, आणि ते छोटं पार्टिशन डिस्कपार्टमध्ये ‘ॲक्टिव्ह’ केलेलं आहे ना तेवढं बघायचं.

बूटरेकच्या ‘फिक्सबूट’ला विंडोज १० वर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर येतं आणि पोरं त्यावर तासन्‌तास परवानग्या शोधत बसतात. सोडून द्या तिला. यूईएफआय मशीनवर तिची गरजच नाही. जुनी वही ठेवावीशी वाटली तर नाव बदलून ठेव, पुसू नकोस.

ते छोटं पार्टिशन सापडलंच नाही तर समज, इमेज घेणाऱ्याने फक्त सी घेतलाय. हे वरचेवर घडतं, कारण बऱ्याच प्रोग्रामांत एकच ड्राइव्ह निवडायचा मोह होतो. तेव्हा डिस्कपार्टमध्ये सी थोडा आखूड कर, ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०’, मग फॅट-३२ मध्ये क्विक फॉरमॅट, अक्षर दे, आणि पुन्हा तेच बीसीडीबूट. शंभर एमबी पुरतात, पण ४के सेक्टरच्या डिस्कवर फॅट-३२ ला २६० लागतात. म्हणून मी सगळीकडे २६० च पाडतो, विचार करायचं काम नाही.

तिसरा गडी म्हणजे गाभा, आणि इथे खरी परीक्षा. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, जुन्या लोकांच्या भाषेत सेव्हन-बी. याचा अर्थ डिस्क मेली असा नाही. बूट मॅनेजरने फर्मवेअरच्या मदतीने विंडोजचा गाभा मेमरीत आणून सोडला, पण तिथून पुढे गाभ्याला डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने वाचावी लागते आणि तो ड्रायव्हर जागाच झाला नाही. विंडोज बूट होताना लागणारे मोजकेच ड्रायव्हर उठवतं. साटाच्या डिस्कवर वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर फोल्डरात पडलेला असतो, पण रजिस्ट्रीत त्याच्यापुढे ‘गरज नाही’ अशी खूण झालेली असते. नव्या पट्टीवर इमेज उतरवलीस की नेमका तोच लागतो. बायोसमध्ये एएचसीआय आणि रेड यांची अदलाबदल केलीस तरी हाच पडदा येतो. म्हणून दुखणं शोधताना बायोसचे डिफॉल्ट लोड करू नकोस, त्यात हे सेटिंग गुपचूप बदलतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

पहिला उपाय अगदी हलका. पेनड्राइव्हवरच्या काळ्या खिडकीतून बीसीडीएडिट, स्लॅश सेट, महिरपी कंसात डिफॉल्ट, मग सेफबूट मिनिमल. मशीन चालू कर. सेफ मोडमध्ये विंडोज ती ‘गरज नाही’ची खूण मनावर घेत नाही, स्टोरेजचे ड्रायव्हर उठवतं, नवी डिस्क ओळखतं आणि खुणा सुधारतं. एकदा आत गेलास की बीसीडीएडिटच्या ‘डिलीटव्हॅल्यू’ने ते सेफबूट काढून टाक, नाहीतर मशीन जन्मभर सेफ मोडमध्येच उठेल आणि गिऱ्हाईक सांगत येईल, वॉलपेपर गेला म्हणून. जुनं मशीन अजून चालू असेल तर ही युक्ती इमेज घेण्याच्या आधीच करून ठेव. सेफबूट लावून बंद कर, मग इमेज घे. नव्या डिस्कवर ती पहिल्याच फटक्यात उठायची शक्यता फार वाढते.

सेफ मोडनेही भागलं नाही तर रजिस्ट्रीत हात घालायचा. काळ्या खिडकीतून रेजएडिट उघडतं. ‘लोकल मशीन’वर उभं राहून ‘लोड हाइव्ह’, आणि नव्या डिस्कवरच्या विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या फोल्डरातली ‘सिस्टिम’ नावाची फाइल उचल. तिला काहीही नाव दे. आत ‘सिलेक्ट’ या चावीत ‘करंट’पुढे आकडा असतो, एक असला तर ‘कंट्रोलसेट००१’ आपला. त्यातल्या सर्व्हिसेसमध्ये ‘स्टोरएनव्हीएमई’ शोध, साटाच्या डिस्कसाठी ‘स्टोरएएचसीआय’. ‘स्टार्ट’ची किंमत शून्य कर आणि खाली ‘स्टार्टओव्हरराइड’ नावाची उपचावी असली तर ती काढ. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तीच असते, वर स्टार्ट शून्य दिसत असतो आणि ही खाली बसून तो तीन करत असते. मग ‘अनलोड हाइव्ह’. अनलोड न करता मशीन बंद केलंस तर केलेला बदल टिकेलच असं नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचं प्रकरण चालू असतं. त्यात विंडोजच्या पेनड्राइव्हलासुद्धा डिस्क दिसत नाही, मग इमेजमधल्या विंडोजला कुठून दिसणार? बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येत असेल तर बंद कर आणि पुढे जा. नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर सोडून ठेव. काळ्या खिडकीत आधी ‘ड्रव्हलोड’ने तो चालू केलास की डिस्क दिसायला लागते, मग ‘डिझम’च्या ‘ॲड-ड्रायव्हर’ने तोच इमेजमधल्या विंडोजमध्ये बसव. क्रम उलटा करता येत नाही, न दिसणाऱ्या डिस्कवर डिझम काय बसवणार?

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हताच, मायक्रोसॉफ्टने मागाहून २९९०९४१ क्रमांकाची दुरुस्ती काढली. त्या विंडोजचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पण एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेला एखादा पीसी अजून त्यावरच चालतो. त्याला साटाची एसएसडी दे, एनव्हीएमईच्या नादी लागू नकोस.

हा सेव्हन-बी काही नवा नाही. एक्सपीच्या काळात आम्ही सगळे ‘घोस्ट मारायचो’, म्हणजे त्या नावाच्या प्रोग्रामने इमेज उतरवायचो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नव्या साटा डिस्कवर जुन्या आयडीई डिस्कचं घोस्ट मारलं की हाच पडदा. तेव्हा साटाचा ड्रायव्हर फ्लॉपीवर घेऊन एफ-सिक्स दाबायला लागायचं, आणि फ्लॉपी निम्म्या वेळा वाचायचीच नाही. त्याहून मजेशीर म्हणजे ‘एचएएल डॉट डीएलएल’ गायब असल्याची तक्रार. लोक ती फाइल दुसऱ्या मशीनवरून आणून टाकायचे, आणि फाइल आधीपासून जागेवर असायची. चुकलेला असायचा तो बूट डॉट आयएनआय मधला पार्टिशनचा आकडा, त्यामुळे एक्सपी भलत्याच पार्टिशनवर ती शोधत बसायचं. पडदा खोटं बोलत नाही, पण पुरतं सांगतही नाही. ‘फाइल नाही’ म्हणाला की आधी विचारायचं, कुठे बघितलंस?

चौथा गडी. लॉगिन होतं, पण डेस्कटॉप कोरा, किंवा ‘प्रिपेअरिंग युवर डेस्कटॉप’ म्हणून बसून राहतं. हे झालं की मी पहिला प्रश्न विचारतो, पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क आत होती का? विंडोज ‘माउंटेडडिव्हाइसेस’ या चावीत कोणत्या डिस्कला कोणतं अक्षर ते लिहून ठेवतं. दोन्ही डिस्क एकदम दिसल्या की जुनी सी राहते आणि नवी दुसरं काहीतरी होते. मग नव्या डिस्कवरून उठलेलं विंडोज आपल्या फाइली जुन्या डिस्कवर शोधतं. जुनी काढली की आंधळं. त्यात दोन्हींची सही एक असेल तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं. वर सांगितलं तसं हाइव्ह लोड करून त्या चावीतली अक्षरांची नोंद काढली की पुढच्या वेळी विंडोज ती नव्याने लिहितं. पण त्यापेक्षा इमेज उतरली की जुनीची केबल काढायची, मगच पहिलं बटण दाबायचं. दुकानात हा नियम मी भिंतीवर लिहून लावलाय.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाबद्दल, हात जोडून सांगतो. इमेज घ्यायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून घे. ‘मी कधी लावलंच नाही’ असं ते शपथेवर सांगतील, आणि खरंच त्यांनी लावलेलं नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन मशीन सेट करताना ते बऱ्याच ठिकाणी आपोआप चालू होतं. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज उघडी असते, म्हणजे नव्या डिस्कवर कुलूप राहत नाही. बाहेरून पेनड्राइव्हवर उठून सेक्टर-न्‌-सेक्टर कॉपी घेतलीस तर कुलपासकट येते, आणि बोर्डही बदलला असेल तर कीशिवाय कोणी सुटका करणार नाही.

लिनक्सवाले म्हणतील, आमच्याकडे हे नाही. आहे, फक्त पडदे वेगळे. ‘ग्रब रेस्क्यू’ म्हणजे दुसरा गडी अडलाय. ‘इनिटरॅमएफएस’ असं कंसात लिहून कर्सर लुकलुकत राहिला तर तिसरा. एफएसटॅब फाइलमध्ये जर कोणी ‘देव्ह एसडीए२’ असं थेट नाव लिहून ठेवलं असेल तर एनव्हीएमईवर ते ‘एनव्हीएमई०एन१पी२’ होतं आणि सगळं कोसळतं. यूयूआयडी लिहिलेला असेल तर निभावतं, फक्त दोन्ही डिस्क एकदम जोडू नकोस, कारण इमेजमधून आलेले यूयूआयडी दोन्हींवर तेच असतात आणि कोणती उघडली ते कळत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून उठ, ‘बीएलकेआयडी’ने खरे क्रमांक बघ, मूळ पार्टिशन माउंट कर, त्याखाली ईएफआयचं पार्टिशन, मग देव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन बाइंड करून सीएचरूट. उबुंटू आणि डेबियनवर ‘ग्रब-इन्स्टॉल’, ‘अपडेट-ग्रब’, आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, सगळ्या कर्नलांसाठी. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ड्रॅकट तेव्हाच्या मशीनपुरतेच ड्रायव्हर भरतं, म्हणून मेनूतला ‘रेस्क्यू’ कर्नल निवडून बघ, तो सगळ्यांचे ड्रायव्हर घेऊन फिरतो. त्यातून आत गेलास की ड्रॅकट पुन्हा चालव. बूट होताना एक मिनिट तीस सेकंदांची वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडला गेलं, तर एफएसटॅबमध्ये एखाद्या काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिली आहे. ती काढ, नाहीतर तिला ‘नोफेल’ लाव.

एक फसवं दुखणं राहिलं. बाहेरच्या यूएसबी डब्यात डिस्क घालून इमेज उतरवली, नंतर डिस्क मशीनच्या आत लावली, तर ती कोरी दिसते. काही डबे मोठ्या डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतात. डब्यातून बाहेर काढली की पार्टिशनचा सगळा नकाशा आठपटीने चुकीच्या जागी. यावर डिस्कपार्ट वगैरे चालत नाही. डिस्क आधी मशीनच्या आत लाव, मग इमेज उतरव.

आणि हे सगळं येत असलं तरी गिऱ्हाइकाला आधी एक विचार. मशीनवर असं काय आहे जे पुन्हा टाकता येणार नाही? नुसते फोटो आणि वर्डच्या फाइली असतील तर फाइली कॉपी कर आणि विंडोज नवं टाक. दोन तास निळ्या पडद्याशी झगडून त्याचे पैसे लावू नकोस. पण दवाखान्यातलं रिपोर्टचं सॉफ्टवेअर असेल, सीडी हरवलेला हिशेबाचा प्रोग्राम असेल, वर्कशॉपमधला तो विंडोज ७ असेल, तर इमेजच लढव. आणि नवी डिस्क एकटीने, पूर्ण बंद करून, दोनदा उठल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करायला कोणाच्याही हातात देऊ नकोस, गिऱ्हाइकाच्यासुद्धा.